ओंजळीचं चौथं कडवं

आमच्या गावात पहाटे सव्वापाचला दत्ताच्या देवळावरचा भोंगा सुरू होतो. आधी थोडी खरखर, मग पेटीचा एक लांब सूर, आणि मग माझ्या थोरल्या जावेचा आवाज. एकोणीस वर्षांच्या पोरीचा, काचेच्या नव्या बांगडीसारखा. त्या वेळी जाऊबाई माझ्या बाजूला गॅसपाशी उभ्या राहून चहात साखर टाकत असतात. वय आता चव्वेचाळीस. रोज पहाटे स्वतःचाच आवाज ऐकत चहा करणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. त्या मान वर करत नाहीत. चहा मात्र कधी गोड होतो, कधी अगोड.

त्यांचं नाव पुष्पांजली. मी त्यांना ताई म्हणते. आमचं गाव नांदुऱ्यापासून दहा-बारा किलोमीटर, त्यांचं माहेर तिकडे साखरखेर्ड्याला. दोन हजार सालच्या दत्तजयंतीला खामगावच्या एका स्टुडिओवाल्याने त्यांची कॅसेट काढली. नाव ‘ओंजळ’. दोन्ही बाजूंना मिळून आठ भजनं. कव्हरवर दोन वेण्या घातलेल्या ताई हात जोडून बसलेल्या, मागे निळा पडदा. पाचशे कॅसेट निघाल्या आणि जत्रांमधून खपल्या. पुढे घरोघरचे टेप बंद पडले. लोकांनी फिती ओढून काढल्या आणि पाखरं हाकलायला ज्वारीवर ताणल्या. उन्हात लखलखायच्या. ताई एकदा एसटीतून पाहून म्हणाल्या होत्या, "मंजू, माया आवाज वाऱ्यावर वाळून राह्यला पाह्य."

मला स्वतःला ही कॅसेट जिवापाड आवडते. लोकांना सिनेमाची गाणी पाठ असतात, मला ‘ओंजळ’ पाठ आहे. दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या भजनात पेटीवाला एकदा खोकतो. पहिल्या बाजूच्या दुसऱ्या भजनात तबला जरा पुढे पळतो आणि ताई त्याला हळूच मागे ओढून आणतात. हे मी हजारदा ऐकलं आहे आणि दर वेळी त्या जागेची वाट पाहते. यंदा दत्तजयंतीला कॅसेटीला पंचवीस वर्षं झाली. संस्थानाने ठरवलं, रौप्यमहोत्सव करायचा. त्यातून जे झालं ते मी लिहून ठेवते आहे, कारण त्यातलं निम्मं माझ्याच हातचं आहे.

पहिल्या बाजूचं पहिलंच भजन गावाचं लाडकं.

उंबऱ्याशी उभी । दत्ता मी सकाळी ।
ओंजळ मोकळी । भर देवा ॥

हे ताईंच्या आईने, गोजरबाईने रचलेलं. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. कपाशीच्या वेचणीला जाता-येता जुळवलेलं आणि लेकीच्या तोंडात घातलेलं. चार कडवी. शेवटच्या कडव्यात, अभंगात असते तशी, त्यांच्या नावाची खूण.

गोजर म्हणे रे । लेक माझी गाते ।
मागे मी राहते । ऐकायाला ॥

स्टुडिओवाल्याने मात्र कव्हरवर छापलं ‘पारंपरिक’. म्हणजे गोजरबाईचं नाव जगात एकाच जागी उरलं होतं, त्या चौथ्या कडव्यात. आणि गावाने ते कडवं कधी ऐकलंच नाही.

का, ते सांगते.

ताई दोन हजार एकमध्ये या घरात आल्या. रुखवतात कॅसेटही आली, आमच्या गावातली ती एकच. वर्षभराने स्टुडिओवाला दुसरी कॅसेट काढायची म्हणून विचारायला आला, तर आमच्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, बैठकीतूनच बोलल्या, "एक निघाली न? झालं. सुनेचा आवाज देवळात वाजला त देवाचा, घरात वाजला त लोकायचा." तो चहा पिऊन निघून गेला. भासरे, म्हणजे ताईंचे मालक उद्धवराव, शाळेत मास्तर आहेत. वर्गात पोरांना गप्प बसवणारा माणूस आईपुढे स्वतःच गप्प बसला. ताईंनी पेटी माळ्यावर टाकली ती टाकलीच.

मी दोन हजार तीनमध्ये धाकटी सून म्हणून आले. ताई तेव्हा बाळंतपणाला माहेरी गेलेल्या. दुपारी आत्याबाई डोळा लावायच्या आणि मी टेपचा आवाज अगदी बारीक करून ‘ओंजळ’ ऐकायची. नवीन घर, ओळखीचं कुणी नाही, आणि ज्या जावेला अजून धड पाहिलं नाही तिचा आवाज. त्या आवाजामुळेच मी त्या घरात रुळले असं म्हटलं तरी चालेल.

एके दुपारी टेपने फीत खाल्ली. आवाज घोगरा झाला, बुडाला, बंद पडला. झाकण उघडलं तर फीत चाकाला गुंडाळलेली. मी घाबरून ओढली, तर तीन हात फीत सुरकुतून बाहेर आली. पोह्याच्या पापडासारखी झाली होती. जावेची एकुलती कॅसेट, विचारल्याशिवाय लावलेली, आणि सासूबाई पलीकडे निजलेल्या. मी शिवणाची कात्री घेतली, सुरकुतलेलं कापून टाकलं, दोन टोकं लग्नातल्या नेलपॉलिशने चिकटवली, सुकेपर्यंत फुंकर घालत बसले, आणि पेन घालून फीत गुंडाळून ठेवली. कापलेली फीत चुलीत टाकली. तिचा वास मला अजून येतो.

लावून पाहिली. तिसरं कडवं संपतं, ‘टुक्’ असा बारीक आवाज येतो, आणि ताई पुन्हा ध्रुपद धरतात. सांधा इतका बेमालूम की मला आधी बरंच वाटलं. चौथं कडवं गेलं हे कळत होतं. त्यात कुणाचं नाव होतं, हे कळलं नव्हतं. मला वाटलं, गोजर कुणी जुनी संत बाई असेल.

पुढच्या वर्षी देवळावर भोंगा बसला आणि मामंजींनी आमच्या घरची कॅसेट मोठ्या हौसेने संस्थानाला दिली. पहिल्या पहाटे आम्ही सगळे अंगणात उभे. ताईंच्या कडेवर त्यांची लेक छकुली. तिसरं कडवं झालं, ‘टुक्’ झालं, ध्रुपद आलं. ताईंचा चेहरा असा झाला, जसं कुणी पुढ्यातलं ताट उचलून नेलं.

"मंजू," दुपारी त्यांनी मला गाठलं, "मी नव्हती तवा तू ऐकत होती न कॅसेट? चौथं कडवं होतं न? मायच्या नावाचं?"

माय, म्हणजे आई. तेव्हा मला कळलं मी काय कापलं होतं.

"मी त तीनच ऐकले, ताई."

त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत आत्याबाई मिरच्या निवडत होत्या. आठ दिवसांपूर्वी त्या हसत हसत बोलून गेल्या होत्या, "आता रोज सकाळी व्याहीणबाईचं नाव साऱ्या गावानं ऐकायचं का बाप्पा?" नुसतं बोलणं. त्यांचं सगळंच तसं असायचं, वरून काटा आणि आत गरा.

"मंग त्यायनंच," ताई म्हणाल्या.

मी काहीच बोलले नाही. तेवढंच केलं मी. खोटं एकदाच बोलले. बाकीची वीस-एकवीस वर्षं नुसती गप्प राहिले.

ताई त्या दिवसापासून आत्याबाईंना उलट कधी बोलल्या नाहीत. वाढायच्या, पाय चेपायच्या, औषध द्यायच्या. पण ‘हो’ आणि ‘नाही’ याच्या पलीकडे शब्द नाही. आत्याबाई बिचाऱ्या मला विचारायच्या, "मंजुश्री, थोरलीचं काय बिनसलं वं माह्यासंगं? मी काय केलं?" मी त्यांना पाणी द्यायची. अकरा वर्षांपूर्वी त्या गेल्या, तेव्हाही त्यांना ठाऊक नव्हतं. फोटो बैठकीत लावला. त्याला हार मीच घालते, पुसते मीच. ताईंनी त्या फोटोला कधी हात लावला नाही.

गोजरबाई एकदाच आल्या होत्या, दोन हजार पाचच्या दत्तजयंतीला. मुद्दाम भजन ऐकायला पहाटे देवळाच्या पायरीवर जाऊन बसल्या. अंगावर नवं लुगडं. मी शेजारी होते. तिसरं कडवं संपलं तशा त्या पुढे सरकल्या, हात जोडले. ‘टुक्’ झालं. ध्रुपद आलं. त्यांनी जोडलेले हात मांडीवर ठेवले. मग मलाच म्हणाल्या, "असू दे गं माय. देवाला माहीत हाय." त्यानंतर दोन वर्षांत त्या वारल्या. माहेरच्या घरी एक कॅसेट होती, ती छप्पर गळून गेली.

मी दर गुरुवारी दत्ताला सांगायची, देवा, आज सांगून टाकते. घरी यायची, तर ताई पोळ्या लाटत असायच्या, किंवा पाहुणे आलेले असायचे. पुढे आत्याबाई गेल्यावर तर सांगणं आणखीच अवघड झालं. आता सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की ज्या बाईशी तुम्ही दहा वर्षं बोलला नाहीत, तिने काही केलंच नव्हतं?

इकडे गावाने त्या सांध्याचं वेगळंच करून ठेवलं. आमचं महिला भजनी मंडळ भोंगा ऐकूनच भजन शिकलं. तिसऱ्या कडव्यानंतर ते ‘टुक्’ येतं, तिथे बाया एक टाळी मारू लागल्या. आधी एकीने मारली असेल, मग सगळ्यांनी. आता नवीन सून मंडळात आली की तिला पहिलं तेच शिकवतात, "इथी एक टाळी, चुकू नको वं, दत्ताची टाळी हाय ते." माझ्या कात्रीला गावाने दत्ताची टाळी केलं. मी टाळ वाजवते मंडळात. गेली कितीतरी वर्षं तिथे मीही टाळ मारत आले आहे.

कॅसेटही आता राहिली नाही. मोबाइलच्या दुकानातल्या गजेंद्रने कधीच ती मेमरी कार्डात भरली. ‘टुक्’सकट. साऱ्या गावाच्या मोबाइलमध्ये तेच आहे.

तर यंदा कार्तिकात संस्थानाचे अध्यक्ष शेषरावभाऊ घरी आले. चांगला माणूस, देवळाचा पै-पैसा जपणारा. म्हणाले, "वहिनी, पंचवीस वर्षं झाले. तुमच्या आवाजानं गाव उठते. सत्कार करतो आम्ही. अन् ‘उंबऱ्याशी उभी’ होईन स्टेजवर."

ताईंनी पदर सारखा केला. मी त्यांना इतक्या वर्षांत असं उजळलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी त्याच दिवशी पेटी माळ्यावरून काढायला लावली. आठ दिवस दुपारी दार लावून म्हणत होत्या. आवाज आता खाली उतरला आहे, जड झाला आहे, मध्ये श्वास लागतो. मला सांगायला नको, पण सांगते. मलाही भोंग्यावरचाच आवाज जास्त आवडला. दाराबाहेर उभी राहून मी मनातल्या मनात तुलना केली आणि स्वतःची लाज वाटली.

देवळात तालमीला त्या मंडळापुढे गायल्या. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. शेवटी प्रतिमा, मंडळातली सगळ्यात तोंडाळ, बोललीच, "काकू, राग नका मानू, पण तुमच्यापेक्षा ते कॅसेटवालीच बरी."

सगळ्या हसल्या. ताईही हसल्या. "ते बरी होतीच माय," त्या म्हणाल्या, "तिले पोळ्या नव्हत्या लाटा लागत."

दुसऱ्या दिवशी शेषरावभाऊ पुन्हा आले. या वेळी खुर्चीच्या कडेवर बसले. "वहिनी, असं ठरलं की मागून गजेंद्र कॅसेटच लावीन. तुम्ही निरे ओठ हालवा. माईक बंदच राहीन, काई टेन्शन नाई. लोकायले तोच आवाज पाहिजे, काय करता."

भासरे म्हणाले, "हे बरं राहीन. घसा बी दुखणार नाई तुया."

ताईंनी शेषरावभाऊंपुढे चहा ठेवला. मग म्हणाल्या, "हालवते ओठ. पण एक करा भाऊ. त्याले चौथं कडवं हाय. ते मी नंतर एकटीनं म्हणते. मायचं नाव हाय त्यात. तिनंच रचलं."

"चौथं?" शेषरावभाऊ गोंधळले. "कॅसेटीत त तीनच आहेत."

"होतं."

"मंग गेलं कुठी?"

ताईंनी भिंतीवरच्या आत्याबाईंच्या फोटोकडे पाहिलं. मी चहाच्या कपबशा उचलल्या. आत जाऊन त्या उगीच दोनदा विसळल्या.

"पाहा वहिनी," शेषरावभाऊंचा आवाज ऐकू आला, "गावानं इतके वर्षं तीनच म्हटले. आता एकदम चौथं आणलं, त लोक म्हणतीन बाईनं आपल्या मायचं नाव घुसवलं. कव्हरवर पारंपरिक लिहेल हाय. दुसरं कोणी ऐकलं काय ते? एक जरी माणूस म्हणे, हाव मी ऐकलं, त मी आजच परवानगी देतो."

"नाई," ताई म्हणाल्या. "आता कोणीच नाई राह्यलं."

मी आत उभी होते. हातात बशी. तीन पावलांवर दार होतं.

भासऱ्यांनी ती कॅसेट कधी कान देऊन ऐकलीच नव्हती. ते म्हणत होते, "कायले ताणतं वं? तीन त तीन."

मी गेले नाही.

दत्तजयंती यंदा नेमकी गुरुवारी आली. देवळापुढे मंडप, मागे वांग्याच्या भाजीचा वास, आणि स्टेजवर भलामोठा फ्लेक्स. फ्लेक्सवर दोन वेण्यांची एकोणीस वर्षांची पोरगी. ताईंनी गजेंद्रला विचारलं, "माया आताचा फोटो नाई लावला काऊन बाबू?"

"वहिनी, लोक यालेच ओळखतात न."

त्या फ्लेक्सखाली त्यांना बसवलं. शाल, श्रीफळ झालं. पुढ्यात बंद माईक. मागे आम्ही मंडळाच्या बाया टाळ घेऊन. मी ताईंच्या अगदी पाठीशी. त्यांचा अंबाडा, त्यात पांढरे केस, मानेवर घाम. मला वाटलं, ही बाई वर तिच्या फोटोत आणि इथे खुर्चीत, दोन्हीकडे कोंडलेली आहे, आणि किल्ली माझ्या कमरेला.

खरखर झाली. पेटी. मग तो आवाज. मंडपातल्या म्हाताऱ्यांनी डोळे मिटले. ताई ओठ हलवत होत्या, बरोबर, जिथल्या तिथे. पहिलं कडवं. दुसरं. तबला ठीक चालला होता. तिसरं.

‘टुक्.’

साऱ्या मंडपाने एक टाळी मारली. चार-पाचशे माणसांची एकच टाळी. भोंग्यावर ध्रुपद सुरू झालं आणि लोक त्यात मिसळले.

ताई मिसळल्या नाहीत. त्यांचे ओठ वेगळेच हलत होते. पुढे बसलेल्या पोरी खुदकन हसल्या. प्रतिमा माझ्या कानाशी म्हणाली, "अवं, काकूले आपलंच भजन याद नाई!" शेषरावभाऊ खालून हाताने खुणावत होते, ध्रुपद, ध्रुपद.

पण मी पाठीशी होते. मला ऐकू येत होतं. त्या नुसते ओठ हलवत नव्हत्या, गात होत्या. त्यांच्या आजच्या, खाली उतरलेल्या आवाजात. *गोजर म्हणे रे...* आणि तिथे श्वास अडकला. पुढचं येईना. खांदे हलायला लागले.

माझ्या हातातला टाळ मी मारलाच नव्हता. माझ्या तोंडून आलं, *लेक माझी गाते. मागे मी राहते. ऐकायाला.*

चालीत, जसं कॅसेटीत होतं तसं. शेवटच्या ‘ऐकायाला’वर ताई एक छोटी मुरकी घेतात, तीही आली. ती ऐकल्याशिवाय कुणाला येणं शक्य नव्हतं.

ताईंची मान वळली. एवढ्या आवाजात त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. मी त्यांच्या डोळ्यांत ते एकेक करून येताना पाहिलं. आधी माय. मग मी. आणि सगळ्यात शेवटी आत्याबाई.

भजन संपलं. टाळ्या झाल्या. पाळण्याची वेळ झाली म्हणून बाया उठल्या.

मी तिथेच, ताईंच्या देखत, शेषरावभाऊंना गाठलं. म्हटलं, "भाऊ, तुम्ही म्हणत होते न एक माणूस पाहिजे? मी ऐकलं होतं. चार कडवे होते. फीत मी कापली."

ते माझ्याकडे पाहत राहिले, हातात पाळण्याची दोरी. "आता सांगून राह्यल्या वहिनी? आता कार्यक्रम झाला."

गजेंद्रला विचारलं, चौथं कडवं वेगळं रेकॉर्ड करून जोडता येईल का. तो म्हणाला येईल, पण आवाज जुळणार नाही, आणि टाळीचं काय करायचं? लोकांना सवय आहे.

घरी चालत येताना ताई माझ्यापुढे चार पावलं होत्या. शाल हातावर. देवळामागच्या हापशापाशी थांबल्या, मागे न बघता विचारलं, "त्यायले माईत होतं?"

"नाई ताई. मी कोणालेच नाई सांगतलं. आत्याबाई मरेपर्यंत विचारत होत्या, थोरली काऊन बोलत नाई म्हणून."

त्या पुन्हा चालू लागल्या. मला शिव्या दिल्या असत्या तर मी त्यांचे पाय धरले असते. त्यांनी तेवढीही वाट ठेवली नाही. घरी येऊन शाल घडी करून पेटीवर ठेवली, आणि पेटी माळ्यावर चढवायला छकुलीला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे सव्वापाचला भोंगा लागला. मी उठून आले तर गॅसपाशी ताई नव्हत्या. बैठकीत दिवा होता. त्या स्टुलावर चढून आत्याबाईंचा फोटो पुसत होत्या, पदराने, काचेचे कोपरे नखाने कोरून कोरून. बाहेर तिसरं कडवं संपलं. ‘टुक्’ झालं. कुठेतरी शेजारच्या घरात कुणी झोपेतच टाळी मारली.

ताईंचा हात थांबला. ओठ हलले. मग त्या खाली उतरल्या, स्टूल जागेवर ठेवलं, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या,

"चहा ठेव. अन् त्यायचा हार बदल, वाळला."

"तुम्ही घाला न ताई."

"कोणत्या तोंडानं?" त्या म्हणाल्या.

हार मीच बदलला.